डॉक्टर होण्याआधीचे संशोधन

सन १८३५ च्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे शवविच्छेदन चालू होते. समोरच्या प्रेताच्या स्नायूंत पांढरट बारीक ठिपके विखुरलेले होते. सुरी त्यांवरून गेली की कचकच लागे. असे ठिपके त्या दालनात पूर्वीही दिसलेले होते. ‘हाडाची कणी असेल, सुऱ्या बोथट होतात मेल्या’, असे म्हणून सारे पुढे जात. जेम्स पॅजेट नावाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मात्र थांबला. त्याचे वय होते २१. त्याने ठिपका भिंगाखाली धरला, तर ती एक इवलीशी कुपी निघाली आणि तिच्या आत वेटोळे घालून बसलेला एक जंत!

अधिक बारकाईने पाहायचे तर सूक्ष्मदर्शक हवा, आणि त्या एवढ्या मोठ्या रुग्णालयात तो नव्हता. तेव्हा पॅजेट थेट ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी त्याला आपला सूक्ष्मदर्शक वापरू दिला. हे ब्राउन म्हणजे तुमच्या पुस्तकातील ‘ब्राउनीय गती’ या शब्दातले ब्राउन. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जंत स्पष्ट दिसला आणि पॅजेटने ६ फेब्रुवारी रोजी आपल्या रुग्णालयातील विद्यार्थ्यांच्या मंडळापुढे तो शोध वाचून दाखविला.

पुढे काय झाले? त्याच स्नायूचे तुकडे रुग्णालयातील एका अध्यापकाने रिचर्ड ओवेन या नामवंत शास्त्रज्ञाकडे पाठविले. ओवेन यांनी त्यांचा अभ्यास केला, २४ फेब्रुवारीला प्राणिशास्त्रज्ञांच्या सभेत वर्णन सादर केले आणि जंताला नाव दिले ‘ट्रिकिना स्पायरॅलिस’. आज त्याला ‘ट्रिकिनेला’ म्हणतात. डुकराचे नीट न शिजलेले मांस खाल्ल्याने तो माणसाच्या अंगात शिरतो, हे पुढे कळले. पुस्तकांतून नाव राहिले ते ओवेन यांचे. पॅजेट पुढे मोठा शल्यचिकित्सक झाला, हाडांच्या एका विकाराला त्याचे नावही मिळाले, म्हणून त्याची ही जुनी गोष्ट आपल्याला निदान ठाऊक तरी आहे.

विद्यार्थ्याला दृष्टी होती, चिकाटी होती, सूक्ष्मदर्शक मागायला जाण्याइतके धैर्यही होते. त्याच्यापाशी नव्हता तो मार्गदर्शक. ‘हे नवीन आहे, लिहून काढ, छापायला दे, तुझ्या नावाने दे’, असे सांगणारा कोणी वडीलधारा त्याला भेटला असता तर?

विद्यार्थिमित्रहो, ज्याला अजून ताप उतरवण्याचे औषधही लिहून देता येत नाही, त्याने संशोधन कसले करायचे, असे तुम्हाला वाटेल. डॉक्टर मंडळींनाही पुष्कळदा तसेच वाटते. पण वैद्यकाच्या इतिहासात विद्यार्थ्यांनी लावलेले शोध थोडेथोडके नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकांमागे एक शिक्षक उभा असलेला दिसतो.

एका वर्षात संपेल असे काम

बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो हे अशा शिक्षकांपैकी एक होते. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पाउल लांगरहान्स या विद्यार्थ्याने १८६९ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, सशाच्या स्वादुपिंडावर प्रबंध लिहिला. स्वादुपिंडात इतरांहून वेगळ्या अशा लहान पेशींचे पुंजके त्याला दिसले. त्यांचे काम काय, ते मात्र त्याला समजले नाही, आणि समजले नाही असे त्याने प्रबंधात सरळ लिहून टाकले. परीक्षेसाठी लिहिलेल्या प्रबंधात ‘मला ठाऊक नाही’ असे लिहायला विद्यार्थी केव्हा धजतो? शिक्षक त्याबद्दल रागावणार नाही, ही खात्री असते तेव्हा. त्या पुंजक्यांना आज ‘लांगरहान्सची द्वीपे’ म्हणतात. इन्शुलिन तेथेच तयार होते, पण ते वेगळे काढून दाखविण्यास १९२१ साल उजाडावे लागले.

मला त्याहून अधिक आवडते ती अमेरिकेतील जे मॅक्लीन याची हकीकत. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी खाणीत आणि तेलविहिरींवर राबलेला हा तरुण १९१५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यक शिकायला आला. शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते विल्यम हॉवेल. मॅक्लीन त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, मला असा प्रश्न द्या की जो मी एकटा एका वर्षात सोडवू शकेन.

हॉवेल यांनी दिलेला प्रश्न दिसायला अगदी साधा होता. जखम झाली की रक्त गोठते हे तुम्ही जाणताच. मेंदूपासून काढलेला एक अर्क रक्ताच्या गोठण्याला चालना देतो, हे तेव्हा माहीत होते. त्या अर्कात सेफॅलिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. चालना देणारा तोच, की त्यात मिसळलेले दुसरे काही, एवढेच मॅक्लीनने पाहायचे होते. हा प्रश्न मार्गदर्शकाने किती विचाराने निवडला होता पाहा. तो लहान होता. त्याला लागणारी साधने प्रयोगशाळेत होती. उत्तर ‘हो’ आले काय किंवा ‘नाही’ आले काय, दोन्ही उत्तरे उपयोगाची होती. आणि हॉवेल यांचा स्वतःचा अभ्यास त्याच विषयातला असल्याने विद्यार्थी कोठे अडला तर त्यांना कळणार होते.

मॅक्लीनने मेंदूबरोबरच हृदय आणि यकृत यांपासूनही तसेच अर्क काढले. ते त्याने फेकून दिले नाहीत. काही दिवस ठेवून पुन्हा पुन्हा तपासत राहिला, कारण त्यांची शक्ती टिकते का हे त्याला पाहायचे होते. आणि येथे एक विलक्षण प्रकार झाला. यकृताच्या अर्काची रक्त गोठवण्याची शक्ती हळूहळू गेली, आणि पुढे तर तो अर्क रक्ताला गोठूच देईना! अपेक्षेच्या नेमके उलट.

तो हॉवेल यांच्याकडे गेला. हॉवेल यांचा प्रथम विश्वास बसला नाही. तेव्हा मॅक्लीनने मांजराचे ताजे रक्त एका चंचुपात्रात घेतले, त्यात तो अर्क ढवळला, पात्र प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवले आणि ते गोठले की मला हाक मारा, असे सांगून तो निघून गेला. ते रक्त गोठलेच नाही. मॅक्लीननेच पुढे आपल्या आठवणीत हे लिहून ठेवले आहे.

आता हॉवेल यांच्या जागी तुम्ही आहात असे समजा. ज्या पदार्थांवर तुम्ही वर्षानुवर्षे काम केले, त्यांविषयी काल आलेला एक पोरगा काही भलतेच सांगतो आहे. ‘भांडे नीट धुतले नसशील’ असे म्हणून त्याला वाटेला लावणे किती सोपे! हॉवेल यांनी शंका घेतली, पण त्या शंकेचे उत्तर प्रयोगाने द्यायची मुभाही दिली. पुन्हा प्रयोग झाले, आणि १९१६ साली निबंध प्रसिद्ध झाला तो मॅक्लीनच्या एकट्याच्या नावाने. १९१८ साली हॉवेल यांनी एमेट होल्ट या आणखी एका विद्यार्थ्याबरोबर काम करून अशा पदार्थाला ‘हेपॅरिन’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘हेपार’ म्हणजे यकृत.

गोष्ट येथेच संपली असती तर फारच गोड झाली असती. पुढे हेपॅरिनचे महत्त्व वाढत गेले आणि ते खरे कोणी शोधले, याविषयी बरीच वर्षे वाद चालला. मॅक्लीनला वाटे, आपले श्रेय झाकले गेले. दुसरी बाजू अशी की, आज आपण ज्याला हेपॅरिन म्हणतो तो शर्करावर्गातला पदार्थ आहे, आणि मॅक्लीनचा मूळ अर्क स्निग्ध पदार्थांचा होता. तेव्हा दोन्ही एकच म्हणता येत नाहीत. माझे मत विचाराल तर वाट मॅक्लीनने दाखविली आणि रस्ता इतरांनी बांधला. १९३० च्या दशकात टोरांटोमध्ये हेपॅरिन शुद्ध करून रोग्यांना देण्याजोगे करण्यात ज्यांचा मोठा हात होता, ते चार्ल्स बेस्ट. हे तेच, ज्यांनी १९२१ साली वयाच्या २२ व्या वर्षी, नुकतेच पदवीधर झालेले असताना, फ्रेडरिक बँटिंग यांच्याबरोबर इन्शुलिनवर काम केले होते. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले, बेस्टला नाही. बँटिंग यांनी आपल्या वाट्यातील निम्मी रक्कम बेस्टला दिली. आज हृदयाच्या शस्त्रक्रियेत आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्यांचे रक्त यंत्राने शुद्ध करताना हेपॅरिन लागतेच.

वहीतले शून्य

थोडे माझे स्वतःचे सांगतो. मी वैद्यकाचा विद्यार्थी असताना माझ्या सरांनी मला रक्तदाब मोजण्याच्या कामाला लावले. पाऱ्याचे उपकरण. त्याच्या काचेच्या नळीवर दर २ मिलिमीटरला एक रेघ असते. महिनाभर मी मोठ्या निष्ठेने आकडे लिहिले आणि वही सरांपुढे ठेवली. सरांनी सरासरी विचारली नाही. त्यांनी कागदावर ०, २, ४, ६, ८ असे पाच रकाने पाडले आणि प्रत्येक नोंदीचा शेवटचा अंक पाहून त्या त्या रकान्यात काडी ओढायला सांगितले.

तुम्हीच विचार करा. माणसांचा रक्तदाब काही आपल्याकडील रेघा पाहून ठरत नाही. तेव्हा पाचही रकान्यांत साधारण सारख्या काड्या पडायला हव्यात. म्हणजे दर १०० नोंदींत २० च्या आसपास. माझ्या वहीत निम्म्याहून अधिक काड्या शून्याच्या रकान्यात होत्या! १२०, १३०, ११०, पुन्हा १२०. मी खोटे लिहिले नव्हते, पण पारा १२४ वर असला तरी डोळा १२० कडे ओढला जात होता. ही खोड जगभरच्या डॉक्टरांत आढळते. सर एवढेच म्हणाले, “आता पुन्हा मोज.” एक महिना गेला. तो वाया गेला असे तेव्हा वाटले होते.

पाऱ्याची उपकरणे आता पुष्कळ रुग्णालयांतून गेली आहेत, पण हा प्रयोग तुम्ही वर्गात नाडीवर करू शकता. एकाने मित्राची नाडी १५ सेकंद मोजून ४ ने गुणावे, दुसऱ्याने पूर्ण मिनिट मोजावी. पहिल्याच्या मोजण्यात एका ठोक्याची चूक झाली, तर उत्तरात ती ४ ठोक्यांची होते.

दोन महिन्यांचे काम

आपल्या देशात वैद्यकाच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांना संशोधनाची चव मिळावी म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ साली अल्पकालीन विद्यार्थिवृत्तीची योजना सुरू केली. विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयातील एखाद्या अध्यापकाला मार्गदर्शक म्हणून निवडायचे, दोघांनी मिळून प्रश्न ठरवायचा, आराखडा परिषदेकडे पाठवायचा, आणि तो पसंत पडला तर दोन महिन्यांत काम पुरे करून अहवाल द्यायचा. कामाला विषय कोठून मिळतात? पुष्कळदा अगदी जवळून. सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते आणि तेथील घरांना वरचेवर भेटी देते. अशा भेटींत प्रश्न अंगणातच भेटतात.

हे दोन महिने कसे जातात, ते एक उदाहरण कल्पून पाहू. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आपल्या अध्यापिकेकडे येते.

“मॅडम, मला मुलींमधल्या रक्तक्षयावर काम करायचे आहे.”

“कोणत्या मुली?”

“आपल्या बाह्यरुग्ण विभागात येतात त्या.”

“अगं, जिला काही होत नाही ती मुलगी दवाखान्यात येईलच कशाला? इथे मोजशील तर सगळा गाव आजारी दिसेल.”

बरे, मग शाळेत जाऊ. पण त्या दिवशी ज्या मुली गैरहजर, त्यांचे काय? कदाचित त्याच अशक्त असतील. आणि ज्यांची शाळाच सुटली, त्या तर हजेरीपटावरही नाहीत. शिवाय रक्त घ्यायचे म्हणजे बोटाला टोचणे आले. ज्यांचे हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी निघेल, त्यांना उपचार कोण देणार? नुसते मोजून, आकडे घेऊन निघून यायचे का? या शेवटच्या प्रश्नावर विद्यार्थिनी गप्प होते, आणि तसे होणे चांगलेच.

असे बोलता बोलता प्रश्न लहान होत जातो. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना शाळेत आठवड्यातून एकदा लोह आणि फोलिक आम्लाची निळी गोळी देण्याचा सरकारी कार्यक्रम तुमच्या ओळखीचा असेल. दिलेली गोळी किती मुली खरोखर गिळतात, आणि ज्या गिळत नाहीत त्या का गिळत नाहीत? एवढाच प्रश्न. टोचायला नको, दोन महिन्यांत होण्याजोगा, आणि उत्तर मिळाले तर लगेच उपयोगी.

किती मुलींना विचारायचे? येथे थोडे गणित आहे. निम्म्या मुली गोळी गिळत असतील असे धरू. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १०० मुलींना विचारले, तर उत्तर खऱ्या आकड्याच्या १० टक्के मागेपुढे असू शकते. हा फरक ५ टक्क्यांवर आणायचा तर २०० नव्हे, ४०० मुली लागतात. काम चौपट केले की चूक निम्मी होते. विद्यार्थिनी ५ टक्क्यांवर अडून बसते. मॅडम तिला दिनदर्शिका दाखवतात: दोन महिने, त्यांतून रविवार, सुट्या आणि तिची स्वतःची व्याख्याने वजा जाता उरले किती दिवस? अखेर २०० वर तडजोड होते. म्हणजे चूक ७ टक्क्यांच्या आसपास, आणि तसे अहवालात लिहायचे.

त्यानंतर नीतिसमिती. माणसांवरील कोणतेही संशोधन सुरू होण्यापूर्वी त्यात कोणाला इजा, अपमान किंवा सक्ती होणार नाही ना, हे तपासणारी ही समिती असते. आई-वडिलांची लेखी संमती हवी आणि मुलीचा स्वतःचा होकारही हवा. एखादी ‘नाही’ म्हणाली तर ‘का’ असे विचारायचे नाही.

मग रंगीत तालीम. दहा मुलींना विचारले, “तू गोळी घेतेस का?” दहाच्या दहा “हो”. विद्यार्थिनी खुश. मॅडम विचारतात, “विचारताना वर्गात कोण होते?” वर्गशिक्षिका होत्या! त्यांच्यादेखत ‘मी गोळी खिडकीबाहेर टाकते’ असे कोणती मुलगी सांगेल? तेव्हा दुसऱ्या दिवशी बाई वर्गाबाहेर, कागदावर नाव नाही, आणि प्रश्नही बदललेला: “गेल्या वेळी गोळी मिळाली तेव्हा तू तिचे काय केलेस?” खाली पर्याय: गिळली, घरी नेली, मैत्रिणीला दिली, टाकली, त्या दिवशी आले नव्हते. आता उत्तरे निराळी येऊ लागतात. कोणी लिहिते, मळमळते. कोणी लिहिते, शौचाला काळे होते म्हणून आई नको म्हणाली. वास्तविक लोहाच्या गोळीने तसे होतेच आणि त्यात भिण्यासारखे काही नसते. पण हे घरी कोणी सांगितलेलेच नसते.

या साऱ्यात मॅडमनी किती उत्तरे दिली, ते मोजा. जवळजवळ एकही नाही. पण चुका होण्याच्या जागा त्यांना ठाऊक होत्या आणि प्रत्येक जागी त्या थांबल्या. असे थांबायला वेळ लागतो. सकाळी रोगी, दुपारी व्याख्याने आणि मधेच परीक्षा असलेल्या अध्यापकांना तो काढणे फार कठीण जाते. कित्येक ठिकाणी मार्गदर्शक नुसती सही करतो आणि विद्यार्थी मागील वर्षीचा एखादा अहवाल समोर ठेवून आपला ‘तयार’ करतो. आकडे आधी ठरतात, मुलींना मागाहून विचारले जाते, किंवा विचारलेच जात नाही. बाहेरून दोन्ही अहवाल सारखेच दिसतात. चांगला मार्गदर्शक म्हणून विद्यार्थिनीकडे तक्ते मागत नाही, मूळ कागद मागतो. खाडाखोड केलेले, घडी पडलेले, एखाद्यावर मुलीने फूल काढलेले.

निकाल मनासारखा आला नाही तर? दवाखान्यातील आपल्याच मैत्रिणी असे समजत होत्या की मळमळ हेच कारण असणार, आणि मोजले तर निघाले की बहुतेक मुलींना गोळी जेवणाआधी, उपाशीपोटी मिळते, म्हणून मळमळ. किंवा असेही निघेल की मुली गोळ्या मुकाट्याने गिळतातच आणि आपला मूळ संशयच चुकीचा होता. तेही तसेच लिहायचे. अहवालावर काम करणारीचे नाव आधी, मार्गदर्शकाचे त्यानंतर.

अहवाल टपालात पडला की काम संपले असे विद्यार्थिनीला वाटते. मॅडम तिला आणखी एकदा बसमध्ये बसवून त्याच शाळेत पाठवतात, कारण पहिल्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले होते, “ताई, काय निघालं ते आम्हाला सांगायला याल ना?”